दुरुस्ती म्हणजे नेमके काय? जुना रेडिओ, त्याचा मालक आणि त्याचा मेकॅनिक

१/
नागपूरच्या उत्तरेस, छिंदवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर कोराडी आहे. एकीकडे जगदंबेचे देवस्थान आणि तलाव, तर दुसरीकडे औष्णिक विद्युत केंद्राच्या उंच चिमण्या. या केंद्राचा पहिला संच १९७४ मध्ये सुरू झाला आणि १९८३ पर्यंत तेथे सात संच उभे राहिले. पुढे त्यांचे वय झाले, तेव्हा एकाच आवारात तीन निरनिराळे निर्णय झाले. सुरुवातीचे लहान संच कायमचे बंद करण्यात आले. सहावा, २१० मेगावॅटचा संच पुनर्वसनासाठी निवडला गेला. आणि शेजारी प्रत्येकी ६६० मेगावॅटचे तीन नवे संच उभारले गेले.

जुन्या यंत्राचे काय करायचे, या प्रश्नाची ही तीन उत्तरे होत. हाच प्रश्न घरोघरी माळ्यावर पडलेल्या एका लाकडी पेटीलाही लागू पडतो. तेथे मात्र सर्व उत्तरांसाठी एकच शब्द वापरला जातो : दुरुस्ती. घोटाळ्याला सुरुवात तेथूनच होते.

२/
प्रसंग परिचयाचा आहे. आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ नातू दुकानात नेतो आणि म्हणतो, "एवढा चालू करून द्या." पंधरा दिवसांनी रेडिओ खरोखरच चालू होतो. बटण फिरवताच आवाज येतो, एफएम लागते, पेन ड्राइव्हवरची गाणीही वाजतात. मेकॅनिक समाधानी असतो. घरची मंडळी मात्र हादरतात, कारण पेटी तीच, काच तीच, पण आतले सारे गेलेले. "जुने सामान कुठे आहे?" या प्रश्नाला उत्तर मिळते, "ते भंगारात गेले. तुम्हीच चालू करा म्हणालात."

या वादात खोटे कोणीच बोललेले नसते. दोघेही एकच शब्द उच्चारतात आणि दोघांच्या मनातील वस्तू वेगळी असते. ही फारकत कशी झाली, हे समजून घेण्यासाठी सुमारे १०० वर्षे मागे जावे लागते.

३/
भारतात रेडिओ आधी छंद म्हणून आला आणि नंतर संस्था झाला. १९२३ मध्ये मुंबई आणि कोलकाता येथील हौशी मंडळींच्या रेडिओ क्लबांनी छोट्या प्रमाणावर कार्यक्रम प्रक्षेपित केले. नियमित व्यावसायिक प्रसारणाचा आरंभ त्यानंतर, २३ जुलै १९२७ रोजी, मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने केला. ती कंपनी १९३० मध्ये बुडाली, सरकारने काम हाती घेतले आणि १९३६ मध्ये 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव आले.

म्हणजे आपल्याकडील पहिले श्रोते हे एका अर्थाने कारागीरच होते. ऐकण्यासाठी यंत्राशी झटावे लागे, तार ताणावी लागे, काटा हळुवार फिरवावा लागे. श्रोता आणि तंत्रज्ञ यांच्यात आज दिसणारी दरी त्या काळी नव्हती.

४/
रेडिओ बाळगण्यासाठी परवाना लागे. १९२७ मध्ये त्याचे वार्षिक शुल्क १० रुपये होते. त्यातील ८० टक्के वाटा प्रसारण कंपनीला मिळे आणि तिचा संसार मुख्यतः त्यावरच अवलंबून होता. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने विनापरवाना संच जवळ ठेवणे हा गुन्हा ठरवला. पुढील अर्धशतकभर घरोघरची मंडळी परवान्याचे पुस्तक घेऊन टपाल कचेरीत जात आणि दरवर्षी शुल्क भरून त्यावर शिक्का मारून घेत.

येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्यावी. सरकारच्या दृष्टीने रेडिओ म्हणजे कागदावर नोंदवलेली, परवान्याने बांधलेली एक मालमत्ता. आतला कोणता भाग कधी बदलला, याच्याशी टपाल कचेरीला कर्तव्य नव्हते. वस्तूची ही पहिली ओळख : कागदावरची.

५/
स्वातंत्र्याच्या वेळी देशात रेडिओचे परवाने होते सुमारे २ लाख ७५ हजार. इतक्या मोठ्या देशात ही संख्या नगण्यच म्हणायची. नागपूर तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होते आणि तेथील आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले.

पाहता पाहता हे यंत्र घरातील माणूस झाले. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झाले आणि वर्षभर ते चालले. ५६ गीते, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडके यांचे. त्या काळच्या आठवणींत एक चित्र पुन्हा पुन्हा येते : प्रक्षेपणाच्या वेळी लोक रेडिओला हार घालीत, उदबत्ती लावीत. हार घातला जाई तो पेटीला. आतील व्हॉल्व्ह कोणत्या बनावटीचे आहेत, हे कोणी विचारीत नसे. वस्तूची ही दुसरी ओळख : स्मरणातली.

६/
याच दशकात एका सरकारी धोरणाने छंदाला खतपाणी घातले. १९५२ ते १९६२ या काळात बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे माहिती व नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीताचे ते कट्टर पुरस्कर्ते. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी काटा रेडिओ सिलोनकडे वळवला. १९५२ च्या अखेरीस तेथे अमीन सयानी यांचा 'बिनाका गीतमाला' हा कार्यक्रम सुरू झाला आणि बुधवारची रात्र त्याच्या नावाने राखली जाऊ लागली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला 'विविध भारती' सुरू करावी लागली.

सिलोन लघुलहरींवर ऐकू येई. लघुलहरी पकडायच्या, तर चांगला संच, उंच एरियल आणि सराईत बोटे हवीत. मंत्र्यांनी गाणी वर्ज्य केली आणि नकळत हजारो घरांत काटेकोर श्रोते घडवले.

७/
यांतूनच एक खरा छंदिष्ट वर्ग निर्माण झाला. दूरदेशीची केंद्रे शोधायची, ती ऐकल्याचा अहवाल पत्राने पाठवायचा आणि केंद्राकडून येणारे पोचपत्र, म्हणजे क्यूएसएल कार्ड, जपून ठेवायचे, हा जगभरचा शौक भारतातही रुजला.

या अहवालाची एक शिस्त असे. 'सिनपो' नावाच्या संकेतानुसार पाच गोष्टींना १ ते ५ गुण द्यायचे : संदेशाची ताकद, इतर केंद्रांचा अडथळा, वातावरणातील गोंगाट, लहरींतील चढउतार आणि एकूण दर्जा. 'आवाज नीट येत नव्हता' असे लिहिणे येथे चालत नसे. नेमके काय बिघडले, ते पाच अंकांत सांगावे लागे. हजारो मैलांवरच्या अनोळखी अभियंत्याशी बोलण्यासाठी छंदिष्टाकडे अशी नेमकी भाषा होती. चार गल्ल्यांपलीकडच्या मेकॅनिकशी बोलण्यासाठी मात्र नव्हती.

८/
आता जिव्हाळ्याचे स्वरूप पाहू. व्हॉल्व्हचा रेडिओ लागताच वाजत नाही. आतील तारा तापेपर्यंत अर्धा मिनिट शांतता असते, मग मंद गुणगुण आणि मग दुरून यावा तसा आवाज. काही संचांत काचेआड एक हिरवा डोळा असे. केंद्र अचूक लागले की त्याची सावली मिटत जाई. तापलेल्या धुळीचा आणि मेणाचा वास, काट्याच्या दोरीचा किंचित ढिलेपणा, अमुक केंद्रासाठी बटण आधी पुढे नेऊन मग कणभर मागे आणण्याची सवय, हे सर्व मालकाच्या हाताला पाठ झालेले असते.

छंदाचे उपकरण प्रिय होते ते त्याच्या गुणांइतकेच त्याच्या खोडींमुळे. आणि मेकॅनिक दूर करतो त्या नेमक्या खोडीच. मालकाला जी खूण वाटते, ती मेकॅनिकला बिघाड वाटते.

९/
मेकॅनिकच्या नजरेने पेटी उघडली, तर दृश्य अगदी वेगळे दिसते. लोखंडी चेसिसवर चार-पाच काचेचे व्हॉल्व्ह बसवलेले असतात. ते खोबणीतून उपटता येतात, म्हणजे बदलण्यासाठीच बनवलेले असतात. चेसिसखाली कंडेन्सर, रोधक आणि गुंडाळ्या डाखाने जोडलेल्या असतात. ठाण्याला कारखाना असलेली मर्फी असो, नॅशनल एको असो वा फिलिप्स, मांडणीचे तत्त्व एकच : कोणतेही केंद्र लावा, त्याचे रूपांतर संचाच्या आत एका ठरावीक वारंवारितेत, साधारणतः ४५५ किलोहर्ट्झच्या आसपास, करायचे आणि मग ते वाढवायचे.

मेकॅनिकसाठी रेडिओ म्हणजे हा मार्ग. मार्ग अखंड असेल तर रेडिओ जिवंत आहे. त्यातील एखादा भाग १९५८ चा आहे की कालचा, याने त्या मार्गाला फरक पडत नाही. वस्तूची ही तिसरी ओळख : कार्याची.

१०/
या तीन ओळखींची टक्कर दुकानाच्या फळीवर कशी होई, त्याची काही उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण. थेट मुख्य विजेवर चालणाऱ्या, ट्रान्सफॉर्मर नसलेल्या संचांत सर्व व्हॉल्व्हच्या तापक तारा एकाच साखळीत जोडलेल्या असत. एका व्हॉल्व्हची तार तुटली की सगळेच विझत. मालकाला वाटे, सगळा रेडिओ जळाला. मेकॅनिक एक व्हॉल्व्ह बदलून संच दहा मिनिटांत परत देई आणि दाम सांगे. मालकाच्या मनात शंका येई : एवढा मोठा बिघाड इतक्या लवकर कसा निघाला? याने बिघाड खोटाच तर सांगितला नाही? काम सोपे झाले म्हणून विश्वास कमी झाला.

११/
दुसरे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. आवाज फाटू लागतो, शेवटचा मोठा व्हॉल्व्ह अति तापतो आणि मरतो. तो बदलला की रेडिओ पुन्हा गाऊ लागतो. तीन महिन्यांनी नवा व्हॉल्व्हही मरतो. मालक संतापतो : "नकली माल घातला!"

खरा दोषी बहुधा दुसराच असतो. त्या व्हॉल्व्हच्या अलीकडे एक लहानसा कागदी कंडेन्सर असतो. आवाजाचा संदेश पुढे जाऊ द्यायचा आणि उच्च दाबाची वीज अडवायची, हे त्याचे काम. कागद जुना होऊन ओल धरतो आणि वीज झिरपू लागते. त्या झिरपण्याने व्हॉल्व्हवर भार येतो. म्हणजे मेलेला व्हॉल्व्ह हा आजाराचा परिणाम असतो, कारण नव्हे. हे समजावून सांगायला वेळ लागतो. गजबजलेल्या दुकानात तेवढा वेळ ना मेकॅनिकला असतो, ना गिऱ्हाइकाला.

१२/
तिसरे उदाहरण सर्वांत मनोरंजक. 'दुकानात वाजतो, घरी वाजत नाही' ही तक्रार. गिऱ्हाईक म्हणतो, मेकॅनिकने तात्पुरते काहीतरी केले. मेकॅनिक म्हणतो, गिऱ्हाइकाला वापरता येत नाही.

खरे पाहता रेडिओ ही पेटी एकटी कधीच नव्हती. छतावरची एरियलची तार, जमिनीत गाडलेले अर्थिंग आणि भिंतीतून येणारा विजेचा दाब हेही त्याचेच अवयव. संध्याकाळी सगळीकडे दिवे लागले की दाब उतरे, व्हॉल्व्ह पुरेसे तापत नसत आणि दूरची केंद्रे विरून जात. दुकानात दुपारी तपासलेला संच घरी रात्री आठ वाजता मुका होई. पेटी दुकानात जाई आणि उरलेला अर्धा रेडिओ घरीच राहत असे.

१३/
या गैरसमजांच्या तळाशी एक आर्थिक सवयही आहे. आपल्याकडे गिऱ्हाईक वस्तूचे पैसे खळखळ न करता देतो, पण शोधाचे देत नाही. कंडेन्सर काही आण्यांचा असला, तरी तो कोणता हे शोधायला तीन तास लागतात. "नुसते पाहिले आणि एक तार जोडली, त्याचे एवढे?" हा प्रश्न प्रत्येक मेकॅनिकने ऐकलेला असतो.

ज्ञानाची किंमत मिळत नसेल, तर ती सुट्या भागाच्या किमतीत मिसळावी लागते. मग एखादा धडधाकट भागही बदलला जातो, कारण फळीवर ठेवून दाखवण्यासाठी काहीतरी लागते. गिऱ्हाइकाच्या संशयाने मेकॅनिकला लपवाछपवी शिकवली आणि त्या लपवाछपवीने संशय खरा ठरवला. 'चांगले पार्ट काढून घेतात' ही सार्वत्रिक समजूत अशा वर्तुळात वाढली. काही दुकाने तशी असतीलही. परंतु वर्तुळ सुरू करण्यात दोन्ही बाजूंचा हात आहे.

१४/
भाषेचा मुद्दाही येथेच येतो. गिऱ्हाइकाचे तीन शब्द ठरलेले : खरखर, घरघर आणि 'मधेच बंद पडतो'. मेकॅनिकच्या दृष्टीने खरखर निदान पाच प्रकारची असते. बटण फिरवतानाच येणारी, तापल्यावर येणारी, एकाच पट्ट्यावर येणारी, हात लावल्यावर जाणारी आणि शेजारी पंखा लागल्यावर येणारी. पाचही खरखरींची कारणे वेगळी.

सिलोनला पाच अंकांत काटेकोर अहवाल लिहिणारा माणूस दुकानात येऊन "खरखर करतो" एवढेच सांगे, हा विरोधाभास लक्षणीय आहे. दूरच्या अभियंत्याला आपण जाणकार समजून बोलतो. जवळच्या कारागिराने मात्र आपोआप समजून घ्यावे, अशी अपेक्षा करतो. यात थोडा जातवर्गाचा, थोडा हाताने काम करणाऱ्याकडे पाहण्याचा जुना दृष्टिकोनही मिसळलेला आहे.

१५/
मग ट्रान्झिस्टर आला. त्याचा शोध अमेरिकेत १९४७ मध्ये लागला आणि १९५४ मध्ये पहिला व्यावसायिक ट्रान्झिस्टर रेडिओ तेथे विक्रीस आला. १९६० च्या दशकात तो भारतातही पसरला, इतका की 'ट्रान्झिस्टर' हेच मराठीत त्या रेडिओचे नाव झाले. त्याला ना तापायला वेळ लागे, ना भिंतीतली वीज. सेलवर तो शेतातही चाले.

काळाचा विनोद असा की, १९७४ नंतर कोराडीसारख्या मोठ्या केंद्रांची वीज अधिकाधिक गावांत पोहोचू लागली, तोवर रेडिओला त्या विजेची गरज उरली नव्हती. वीज आली ती दिव्यासाठी, पंपासाठी, पुढे दूरदर्शनसाठी. विजेवर जगणारा व्हॉल्व्हचा संच त्याच सुमारास दिवाणखान्यातून माळ्यावर चढू लागला.

१६/
पुढची घसरण वेगाने झाली. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत रेडिओचे परवाने रद्द झाले आणि वस्तूची कागदावरची ओळख पुसली गेली. व्हॉल्व्हचे उत्पादन थांबत गेले. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत रेडिओ व दूरदर्शन दुरुस्ती शिकून बाहेर पडलेले तरुण आधी टीव्हीकडे, मग मोबाइलकडे वळले. मोबाइलच्या दुरुस्तीत भाग शोधायचा नसतो, आख्खा फलक बदलायचा असतो.

म्हणून आज जुना रेडिओ घेऊन जाणारा माणूस ज्याच्यासमोर उभा राहतो, त्याच्या हाताला 'बदलणे' शिकवलेले असते, 'शोधणे' नव्हे. त्याने आतला सांगाडा काढून नवा फलक बसवला, तर तो आपल्या शिक्षणाशी प्रामाणिकच असतो.

१७/
याहून कडवट सत्य पुढे आहे. समजा, एखाद्या जुन्या जाणत्या कारागिराने १९५८ चा संच अगदी मूळच्यासारखा जिवंत केला. तो पकडणार काय? त्या काळच्या भारतीय संचांवर सामान्यतः मध्यमलहरी आणि लघुलहरी असत. एफएम नसे. लघुलहरींवरची बहुतेक ओळखीची केंद्रे आता शांत झाली आहेत आणि देशातील अनेक मध्यमलहरी प्रक्षेपकही बंद झाले आहेत. उरलेल्या लहरींवर घरातलेच एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर गोंगाट माजवतात.

म्हणजे निर्दोष दुरुस्त झालेला रेडिओ संध्याकाळी लावला, तर बहुधा नुसती सरसर ऐकू येईल. यंत्र बरे झाले, पण ज्यांच्याशी ते बोलत असे ते निघून गेले. एफएमचा फलक बसवणारा मेकॅनिक या प्रश्नाचे त्याच्या परीने उत्तर देत असतो. 'चालू करा' याचा दुसरा अर्थ त्याने तरी काय लावावा?

१८/
येथे मराठी भाषेकडेच वळून पाहावे. आपल्या पूर्वजांकडे या कामासाठी एकच शब्द नव्हता. पावसाळ्यापूर्वी घर शाकारले जाई, तेव्हा फुटकी कवेलू बदलायची आणि धड असलेली पुन्हा लावायची. भांड्याला कल्हई केली जाई, तेव्हा भांडे तेच ठेवून फक्त आतला थर नवा करायचा. शालूला रफू केला जाई, तेव्हा दुरुस्ती दिसताच कामा नये. गोधडीला ठिगळ लावले जाई, तेव्हा ती दिसली तरी चाले. भिंतीची डागडुजी होई. देवळाचा जीर्णोद्धार होई आणि त्यात जुने उतरवून नवे उभारणेही बसे.

प्रत्येक शब्दात एक करार दडलेला होता : काय ठेवायचे, काय बदलायचे आणि बदल दिसू द्यायचा की नाही. 'दुरुस्त' हा फारसीतून आलेला शब्द, अर्थ 'ठीक, योग्य'. तो स्थिती सांगतो, रीत सांगत नाही. यंत्रांच्या युगात आपण रीत सांगणारे शब्द मागे टाकले आणि हा एकच शब्द सर्वत्र वापरू लागलो.

१९/
भाग बदलत गेले तर वस्तू तीच राहते का, हा प्रश्न जुना आहे. प्लुटार्कने थिसिअसच्या जहाजाची कथा सांगितली आहे. अथेन्सच्या लोकांनी ते जहाज जपले, कुजलेल्या फळ्या बदलत राहिले आणि तत्त्ववेत्ते त्यावर वाद घालत राहिले.

आपल्याकडे पुरीच्या जगन्नाथाचे उदाहरण अधिक बोलके आहे. तेथे ठरावीक पंचांगयोगावर 'नवकलेवर' होते. १९६९, १९७७, १९९६ आणि २०१५ या वर्षी ते झाले. जुने काष्ठदेह जाऊन नवे घडवले जातात, पण आतील 'ब्रह्मपदार्थ' जुन्या मूर्तीतून नव्या मूर्तीत नेला जातो. सारे लाकूड बदलूनही कोणी भक्त फसवणुकीची तक्रार करीत नाही, कारण प्राण कशात आहे हे आधीच सर्वांना मान्य आहे.

रेडिओच्या बाबतीत हीच संमती नसते. घरच्यांचा ब्रह्मपदार्थ त्या तापणाऱ्या काचांत असतो. मेकॅनिकचा असतो लाऊडस्पीकरातून येणाऱ्या आवाजात.

२०/
इतिहासाच्या अभ्यासकासाठी आणखी एक बाजू आहे. 'मूळ स्थिती' म्हणजे कारखान्यातून बाहेर पडली ती, असे आपण गृहीत धरतो. पण १९५८ चा संच १९६३ मध्ये एकदा, १९७१ मध्ये दुसऱ्यांदा उघडला गेला असेल, तर त्या दुरुस्त्याही इतिहासच आहेत. एका कंपनीच्या संचात दुसऱ्या कंपनीचा व्हॉल्व्ह सापडला, तर ती त्या काळच्या टंचाईची नोंद असते. चेसिसवर पेन्सिलने लिहिलेला एखादा दिनांक किंवा हाताने ओढलेली खूण ही ज्याचे नाव कोठेच छापले गेले नाही अशा कारागिराची स्वाक्षरी असते.

कागदपत्रांत परवानाधारकाचे नाव उरते. मेकॅनिकचे नाव बहुधा उरत नाही. त्याचा पुरावा फक्त डाखात असतो. म्हणून सगळे काढून 'कोरे करकरीत' करणे जितके घातक, तितकेच 'कोणीही हात लावू नये' हा हट्टही अनैतिहासिक. हात लागत राहिले म्हणूनच ही पेटी आजवर टिकली.

२१/
यावरून व्यवहाराच्या काही गोष्टी सहज निघतात.

अनेक वर्षे बंद असलेला व्हॉल्व्हचा संच उत्सुकतेने थेट विजेला जोडू नये. आतील कंडेन्सर सुकलेले असतात आणि एका क्षणात ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. मग जे वाचवता आले असते, तेही जाते. शिवाय बिनट्रान्सफॉर्मरच्या संचात चेसिसमध्येच वीज उतरलेली असू शकते. ते जिवावरचे काम आहे.

देण्यापूर्वी आतून-बाहेरून छायाचित्रे घ्यावीत. तीन वाक्ये चिठ्ठीवर लिहावीत : काय बदलले तर चालेल, काय मुळीच बदलू नये आणि काढलेला प्रत्येक भाग परत हवा. बिघाड शोधण्याचे पैसे वेगळे आणि आधी ठरवावेत. आणि 'खरखर' न म्हणता ती केव्हा येते, कशाने जाते, ते सांगावे.

२२/
सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आपल्याला नेमके काय हवे हे आधी घरातच ठरवावे. पेटी शोभेला हवी आहे का? तसे असेल तर वीज जोडण्याचीही गरज नाही. पुसून, कसर लागू न देता ती जपावी. आवाज हवा आहे का? मग जुना सांगाडा अखंड बाहेर काढून सांभाळून ठेवावा आणि पेटीत नवा फलक बसवावा. उद्या कोणाला पूर्ववत करावेसे वाटले, तर वाट मोकळी राहते. की तो अर्ध्या मिनिटाचा थांबा, ती गुणगुण आणि तो हिरवा डोळाच हवा आहे? मग खर्च, वेळ आणि जाणता कारागीर या तिन्हींची तयारी ठेवावी.

तिन्ही निवडी योग्यच आहेत. अयोग्य आहे ते न सांगता समोरच्याने ओळखावे असे वाटणे.

२३/
पुन्हा कोराडीकडे येऊ. तेथील सहाव्या संचाचे पुनर्वसन जागतिक बँकेने २००९ मध्ये मंजूर केलेल्या, जुन्या कोळसा-आधारित संचांसाठीच्या प्रकल्पात समाविष्ट होते. अशा कामात देखभाल, दुरुस्ती, नूतनीकरण, आधुनिकीकरण, आयुर्मानवृद्धी आणि निवृत्ती हे सर्व शब्द वेगवेगळे असतात. कोणता भाग राहणार, कोणता जाणार, हे काम सुरू होण्यापूर्वी कागदावर येते. २१० मेगावॅटच्या यंत्राशी कोणाचे बालपण गुंतलेले नसते, तरी त्याच्यासाठी एवढे शब्द खर्च केले जातात.

ज्याच्याशी बालपण गुंतलेले आहे, त्या पेटीसाठी आपण म्हणतो फक्त, "चालू करून द्या."

२४/
जुन्या वस्तूंवरचा जीव हा केवळ भाबडेपणा नसतो. घरातील एखादे माणूस गेल्यावर त्याच्या बोटांची सवय ज्या बटणात उरते, ते बटण म्हणजे त्या घराचा एक दस्तऐवज असतो. पण मेकॅनिकला तो वाचता येत नाही, कारण त्याची लिपी फक्त घरच्यांनाच ठाऊक असते. ती त्याला वाचून दाखवावी लागते : "या बटणाला हात लावू नका. आजोबा केंद्र लावताना ते आधी पुढे नेत आणि मग कणभर मागे आणत."

एवढे एक वाक्य दुकानाच्या फळीवर उच्चारले गेले, तर बहुतेक कारागीर क्षणभर थांबतात आणि हातातला पेचकस बाजूला ठेवतात. दुरुस्तीची सुरुवात खरे तर तेथे होते.